एम१३० स्प्रिंग टाकू का? जुनी इलेक्ट्रिक एअरसॉफ्ट, बीबी लांब जाईना

मांजराकाठ (लातूर)
राम राम मंडळी. मागच्या दिवाळीत ओळखीच्या एका पोराकडून जुनी इलेक्ट्रिक एअरसॉफ्ट (प्लॅस्टिकच्या बारीक गोळ्या, म्हणजे बीबी, मारणारी खेळायची गन) घेतली, एम४ ची बॉडी हाय, आत व्हर्जन २ चा गियरबॉक्स. आम्ही सहासात जण रविवारी सकाळी एका बंद पडलेल्या जिनिंगमधे खेळतो, मित्राच्या चुलत्याचीच जागा हाय, त्यांना विचारूनच खेळतो. आता अडचण अशी की माझी बीबी वीसपंचवीस मीटरला गेली की खाली बसायलीय, बाकीच्यांची आरामात चाळीसपर्यंत जातीय. विकणारा म्हणला होता आत एम१२० टाकलेली हाय म्हणून, पण मला तसं वाटंना. म्हणून एम१३० टाकावी म्हणतोय, एकदाच काय ते पैसे जातील. गियरबॉक्स आजपर्यंत कधी उघडला नाही. मोटर कंपनीचीच, बॅटरी ७.४ व्होल्ट लायपो. कुणी टाकलीय का, कसं करावं, काय काय लागतं जरा इस्कटून सांगा.

पैठणगेट (संभाजीनगर)
थांब भाई, आधी एक सांग, बीबी किती ग्रॅमची वापरतो? आणि हॉपअप सेट केलाय का? कारण एअरसॉफ्टमधे लांब जाणं हे नुसत्या ताकदीवर नसतंच. हॉपअपचं रबर बीबीला वरच्या बाजूनं घासतं, त्यानं बीबी उलटी फिरते आणि हवेत तरंगत जाते. ते रबर कडक झालं नाहीतर फाटलं तर एम१५० टाकली तरी बीबी वीस मीटरवर खालीच येणार.

आणि स्प्रिंगचा नंबर म्हणजे काय ते बघ. एम१०० म्हणजे ०.२० ग्रॅमची बीबी साधारण १०० मीटर प्रति सेकंद, म्हणजे ३२८ एफपीएस (फूट प्रति सेकंद). ती झाली १ ज्यूल. एम९० म्हणजे ०.८१ ज्यूल. एम१२० ला १.४४ आणि तुझी एम१३० झाली १.६९ ज्यूल. वेग तीसनं वाढला पण मार सत्तर टक्क्यानं वाढला, कारण ताकद वेगाच्या वर्गानं वाढते. जपानमधे कायद्यानंच ०.९८ ज्यूलची हद्द घातलीय, तिथल्या गन त्यामुळं एम९० च्या आसपासच असतात आणि तरी लोक तिथं मस्त लांब मारतात, सगळी कमाल हॉपअपची आणि बॅरलची. आणि हा नंबर पण सगळं सील बरोबर असलं तरच, आणि प्रत्येक कंपनीची एम१०० सारखी नसते, हे डोक्यात ठेव.

मांजराकाठ (लातूर)
बीबी ०.२० ची. हॉपअपचं चाक पूर्ण फिरवून बघितलं, काही फरक पडंना.

पैठणगेट (संभाजीनगर)
पूर्ण फिरवूनही फरक पडत नसेल तर रबर गेलंय. ते आधी बदल, स्प्रिंगपेक्षा स्वस्तात येतं.

गोदाकाठ (नांदेड)
मी जरा वेगळं लिहितो, राग मानू नको. दोन वर्षाखाली आमच्या ग्रुपमधे एकानं अशीच जाड स्प्रिंग टाकली होती, कुणाला सांगितलं नव्हतं. आम्ही एका अर्धवट बांधकामात खेळत होतो, खोल्या दहा बाय दहाच्या. दारातून आत शिरलो आणि त्यानं चार मीटरवरून ट्रिगर दाबला. डोळ्याला चष्मा होता म्हणून डोळे वाचले, तोंडाला काही नव्हतं. समोरचा दात अर्धा तुटला माझा. रूट कॅनाल, वर कॅप, आणि आईला काय सांगायचं हा वेगळाच प्रश्न. त्या पोराला पण लई वाईट वाटलं, त्याचा हेतू नव्हताच, पण बीबीला कुठं हेतू कळतो.

तुम्ही जिनिंगमधे खेळता म्हणजे आत कप्पे असतील, मशिनींचे ओटे असतील, माणूस एकदम तीनचार मीटरवर समोर येतो. तिथं १.६९ ज्यूल म्हणजे रक्त येतंय. आमच्याकडं त्या दिवसापासून नियमच केला, आत खेळायचं तर १ ज्यूलच्या आत, खेळायच्या आधी सगळ्यांच्या गन मोजायच्या, जाळीचा मास्क तोंडाला, आणि चष्मा साधा रस्त्यावरचा नाही. चष्म्याच्या काडीवर बघा, अमेरिकेचा झेड८७.१ लिहिलेला असतो, त्यात झेड८७ च्या पुढं प्लस असलेला घ्या, तो जोराच्या माराची चाचणी झालेला असतो. युरोपचा ईएन १६६ असेल तर त्यात एफ, बी, ए अशी अक्षरं असतात. ०.८६ ग्रॅमची पोलादी गोळी एफ ला ४५ मीटर प्रति सेकंदानं मारून बघतात, बी ला १२० नं. साध्या काडीच्या चष्म्याला एफ च्या वर मिळतच नाही, बी पाहिजे तर डोळ्याभोवती घट्ट बसणारा गॉगलच घ्यावा लागतो. आधी सगळ्यांचे गॉगल बघ, मग स्प्रिंगचं बघ.

मांजराकाठ (लातूर)
दादा राग कशाचा, बरं झालं सांगितलं. आमच्यातले दोघं बाईकचा गॉगल घालून खेळतात. आजच फोन करतो त्यांना.

वाळूज_स्प्रिंगवाला (संभाजीनगर)
मी एअरसॉफ्ट खेळत नाही, पोरगा खेळतो, त्यानं धागा दाखवला. पण स्प्रिंग हा माझा रोजचा धंदा आहे, वाळूज एमआयडीसीत सव्वीस वर्षं कॉइलिंग मशिनवर काढली, म्हणून चार शब्द.

कॉम्प्रेशन स्प्रिंगचा कडकपणा तीन गोष्टींवर ठरतो, तारेची जाडी, कॉइलचा व्यास आणि चालू वेढ्यांची संख्या. यात जाडीचा हिशोब चौथ्या घाताचा आहे. म्हणजे १.४ मिमी तारेच्या जागी १.५ मिमी घेतली, बाकी सगळं तेच ठेवलं, तर डोळ्याला फरक दिसत पण नाही, पण स्प्रिंग ३२ टक्के कडक होते. नवीन पोरांना मी मायक्रोमीटर हातात देऊन हेच पहिलं शिकवतो, की दशांश एक मिमीला तुम्ही काहीच समजत नाही आणि स्प्रिंग त्याला सगळंच समजते.

दुसरं, वेढे. वेढे कमी केले तर स्प्रिंग कडक होते, हे बरोबर, पण तिची मोकळी लांबी पण कमी होते ना. गनमधे स्प्रिंग बसवतानाच थोडी दाबलेली असते, ती सुरुवातीची दाब गेली की एकूण साठणारी ताकद कमी होते. म्हणून वेढा कापून ताकद वाढते असं कुणी सांगितलं तर ऐकू नका, उलटंच होतं.

तिसरं म्हणजे वेढ्याला वेढा टेकणं. जाड तारेची, जास्त वेढ्यांची स्प्रिंग घेतली आणि पिस्टन पूर्ण मागं जायच्या आधीच सगळे वेढे एकमेकाला चिकटले, तर पुढं जायला जागाच नाही, मोटर मात्र ओढतेय. मग जे सगळ्यात कमजोर आहे ते तुटणार. पोराच्या गनमधे ते पिस्टनचे दात होते. नवीन स्प्रिंग आणली की वेढे मोजा, तारेची जाडी मोजा, दोन्हीचा गुणाकार करा. पूर्ण दाबल्यावर स्प्रिंगची लांबी साधारण तेवढी होते. पिस्टन पूर्ण मागं गेल्यावर आत उरणारी जागा त्याच्यापेक्षा जास्त पाहिजे.

बालाघाट (बीड)
काका एक विचारायचं होतं. बाहेरून स्प्रिंग मागवायची म्हणजे पार्सल कधी येईल कधी अडकेल भरवसा नाही, माझं एक तर चार महिने आलंच नाही. मग आपल्याकडंच वळून घेतली तर? आमच्या इथं एक जण लेथवर मोटरसायकलच्या, मोटारपंपाच्या स्प्रिंगा करून देतो. तार मी आणून देईन.

वाळूज_स्प्रिंगवाला (संभाजीनगर)
करता येते, पण तीन गोष्टी त्याला विचार. एक, तार कोणती. पियानो वायर पाहिजे, नुसती जीआय तार किंवा बाइंडिंगची तार चालणार नाही, पन्नास शॉटमधे बसून जाईल. दोन, वळल्यावर भट्टीत ठेवतो का. गार तार वळली की तिच्यात ताण अडकतो, तो काढायला साधारण २०० ते २५० अंशाला वीसतीस मिनिटं ठेवावी लागते. लेथवाले बहुतेक हे करत नाहीत, म्हणून त्यांच्या स्प्रिंगा लवकर आखडतात. तीन, शेवटचे वेढे बंद करून घासून सपाट करतो का. टोक तिरकं राहिलं तर स्प्रिंग एका बाजूला झुकते आणि आत सिलिंडरला घासते.

झाल्यावर आम्ही स्प्रिंग पाचसहा वेळा पूर्ण दाबून सोडतो, म्हणजे जी काही लांबी बसायची ती आमच्याकडंच बसते, गिऱ्हाईकाकडं जाऊन बसत नाही. तू पण पाईपात घालून व्हाइसमधे दाब, आधी आणि नंतर लांबी मोज. दोनतीन मिमी कमी झाली तर ठीक. दहा कमी झाली तर ती टाकून दे आणि त्या माणसाकडं परत जाऊ नको.

बालाघाट (बीड)
बाप रे एवढं असतं होय. धन्यवाद काका. त्याला भट्टीचं विचारलं तर म्हणतोय उन्हात ठेवतो 😊 म्हणजे नाहीच करत. मग मी वाटच बघतो पार्सलची.

माळेगावची_जत्रा (लोहा)
आमच्या घरात आज्यापासून फुगे फोडायचा स्टॉल आहे, माळेगावच्या यात्रेला, परळीला शिवरात्रीला, औंढ्याला, सगळीकडं जातो. आमच्या बंदुका वेगळ्या, बॅरल मोडून भरायच्या, पॉइंट १७७ चा शिशाचा छर्रा, तुमच्यासारखी बॅटरी बिटरी नाही. पण आत तेच, पिस्टन, वॉशर आणि मोठी स्प्रिंग.

मी विशीत असताना मला पण हेच वाटलं होतं की स्प्रिंग ढिली झालीय, फुगा फुटत नाही, नवी जाड टाकावी. टाकली. तर काय झालं, बंदूक सुटल्यावर एवढी हिसका द्यायली की पुढची माशी हलली, नेम कुठं आणि छर्रा कुठं. बायाबापड्यांना, लेकरांना बॅरल मोडता येईना, एका पोराच्या हातातून सुटून त्याचा अंगठा चेंगरला. आणि छर्रा फळीत शिरायच्या ऐवजी उलटा यायला लागला. आज्यानं दुपारच्या दुपारी ती स्प्रिंग काढायला लावली. मग त्यानं जुनी बंदूक घेतली, उघडली, चामड्याचा वॉशर काढला, तो वाळून पापडासारखा झाला होता. रात्रभर तेलात भिजवला, सकाळी बसवला, आणि तीच जुनी स्प्रिंग घालून फुगे फटाफट फुटायला लागले. स्प्रिंगला काही झालंच नव्हतं, हवा मागून जात होती.

अजून एक आज्याची सवय सांगतो, रात्री दुकान बंद करताना एकूण एक बंदूक हातानं तपासायचा, भरलेली राहिली का म्हणून. एक तर सुटली तर धोका, आणि दुसरं रात्रभर दाबलेली स्प्रिंग सकाळी थकलेली असते. तुमच्या इलेक्ट्रिकमधे पण असंच असतंय का कोण जाणकार सांगा.

पैठणगेट (संभाजीनगर)
मामा लाख मोलाचं लिहिलंत. हो, आमच्यात पण तेच. गियरबॉक्समधे एक उलटं न फिरू देणारी कुत्री असते, अँटी रिव्हर्सल लॅच म्हणतात. ट्रिगर मधेच सोडला तर पिस्टन अर्धा मागं ओढलेला तसाच अडकून राहतो आणि स्प्रिंग दाबलेलीच राहते. म्हणून खेळून झालं की मॅगझिन काढायचं, सिंगलवर ठेवून सुरक्षित दिशेला एकदोन रिकामे शॉट मारायचे, मग बॅटरी काढायची.

@मांजराकाठ, मामांनी वॉशरचं जे सांगितलं तेच तुझ्याकडं बघायचंय. तुझा माणूस म्हणाला एम१२०, आणि बीबी वीस मीटरवर खाली, म्हणजे हॉपअप गेलाच, वर हवा पण गळत असणार. आधी मोज. मोजल्याशिवाय एक रुपया खर्च करू नको.

औंढा_हिंगोली
मोजायला क्रोनो (बीबीचा वेग मोजायचं यंत्र) नसेल तर मी काय करतो सांगतो. मोबाईलमधे आवाज रेकॉर्ड करायचा आणि कॉम्प्युटरवर ऑडासिटी नावाच्या फुकट सॉफ्टवेअरमधे उघडायचा. गनच्या तोंडापासून बरोबर ५ मीटरवर, टेप लावून मोजून, बिस्किटाचा पत्र्याचा डबा ठेवायचा. मोबाईल गनशेजारी. शॉट मारला की रेकॉर्डिंगमधे दोन खिळे दिसतात, एक गनचा आणि एक डब्याचा. दोन्हीतलं अंतर मिलिसेकंदात वाच. त्यातून डब्याचा आवाज परत यायला लागलेला वेळ वजा कर. आवाज २५ अंशाला सेकंदाला ३४६ मीटर जातो, पण आपल्याकडं मे महिन्यात दुपारी ४० अंश असतं, तेव्हा ३५५ होतो. ५ मीटरला म्हणजे १४ मिलिसेकंद धर, दोन्हीकडं जवळपास तेवढंच येतं. उरलेल्या वेळानं ५ ला भाग की सरासरी वेग आला. तोंडाशी वेग याच्यापेक्षा सातआठ टक्के जास्त असतो, कारण ०.२० ची बीबी हवेत लवकर मंदावते. दहा शॉट घे, एकाच्या भरवशावर राहू नको. आणि हो, गॉगल घालून, पत्र्यावरून बीबी परत येते.

मांजराकाठ (लातूर)
केलं. आज दुपारी गच्चीवर, पारलेचा डबा, दहा शॉट. दोन खिळ्यातलं अंतर ७६ पासून ८१ मिलिसेकंदापर्यंत, सरासरी ७८. चौदा वजा, ६४. म्हणजे ७८ मीटर प्रति सेकंद, तोंडाशी धरले तर ८४ आसपास. म्हणजे एम१२० तर सोडाच, एम९० पण नाही. आणि शॉटाशॉटात पण लई फरक.

पैठणगेट (संभाजीनगर)
बघ आता. याच्यात एम१३० टाकली असती तर गळकी हवा तशीच राहून मोटर आणि दातांवर भार आला असता. उघडच आता. हे वाचून मग हात लाव.

बॅटरी आणि मॅगझिन काढ. सिंगलवर एक शॉट मारून ठेवलेला असू दे. पुढची बॉडी पिन काढली की वरचा भाग पुढं सरकतो. ग्रिपच्या खालची प्लेट, मग मोटर, मग ग्रिपच्या आतले दोन स्क्रू. मागचा दस्ता आणि बफर ट्यूबमधला लांब स्क्रू. ट्रिगरच्या वरची पिन, मॅगझिन कॅच. गियरबॉक्स हातात येईल. प्रत्येक स्क्रू काढला की एका पुठ्ठ्यावर गियरबॉक्सचं चित्र काढून त्याच जागी टोच, कारण स्क्रू सगळे एका लांबीचे नसतात आणि लांब स्क्रू चुकीच्या भोकात घातला की आतला गियर घासतो. प्रत्येक टप्प्याला फोटो काढ.

आता महत्त्वाचं. गियरबॉक्सच्या मागच्या भोकातून लांब स्क्रूड्रायव्हर स्प्रिंग गाईडमधे (स्प्रिंग जिच्यावर बसते ती दांडी) घाल आणि दाबून धर, मगच वरचा अर्धा भाग उचल. नाहीतर स्प्रिंग गाईडसकट बाहेर उडते. तोंडासमोर धरून उघडू नको, आणि सगळं मोठ्या पारदर्शक पिशवीत हात घालून कर, कारण त्या लॅचची इवलीशी स्प्रिंग उडाली की घरात झाडू मारूनही सापडत नाही.

हवा बघायला सिलिंडर, सिलिंडर हेड, नोझल, पिस्टन हे चारही एकत्र लाव, नोझलवर अंगठा ठेव आणि पिस्टन दाब. घट्ट अडला पाहिजे. सर्रकन जात असेल तर गळतीय. पिस्टन हेडची ओ रिंग बघ, सिलिंडर हेडवर टेफ्लॉन टेपचे एकदोन वेढे दे, नळ दुरुस्तीचीच टेप. ओ रिंगला सिलिकॉन ग्रीसच लाव. डब्ल्यूडी ४० किंवा मशिनचं तेल अजिबात नको, रबर फुगतं. गियरला लिथियम ग्रीस चालतं.

औसा_रोड (लातूर)
ज्वारीवर पोपटं येतात ना, हुरड्याच्या दिवसात नुसतं थैमान असतं. एम१३० टाकून त्यांच्यावर चालतील का ह्या गन?

गोदाकाठ (नांदेड)
नाही भाऊ. पोपट असो नाहीतर मोर, १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात ते सगळे संरक्षित आहेत, गुन्हा दाखल होतो. आणि जीव तो जीव. माचाणावर बसून गोफण हवेत फिरवायची, डबा वाजवायचा, आपले बापजादे तेच करत आले. एअरगनचं पण सांगून ठेवतो, २०१६ च्या शस्त्र नियमांप्रमाणं पॉइंट १७७ पर्यंतची आणि २० ज्यूलच्या आतली एअरगन विनापरवाना ठेवता येते, त्याच्या वर परवाना लागतो. म्हणून स्प्रिंग बदलून ताकद वाढवत सुटणं त्या बाजूनं पण बरं नाही. आणि एअरसॉफ्ट हुबेहूब खऱ्यासारखी दिसते, रस्त्यानं नेताना बॅगेत, चेन लावून, बाहेर काढायची ती थेट मैदानातच.

औसा_रोड (लातूर)
बरं झालं विचारलं. धन्यवाद.

मांजराकाठ (लातूर)
उघडला! रात्री साडेअकराला जेवणं झाल्यावर आईच्या शिवणमशिनच्या टेबलावर बसलो ते अडीचला उठलो. पिशवीत हात घालून उघडला, लॅचची स्प्रिंग उडाली पण पिशवीतच राहिली, पैठणगेट दादा तुमच्या पाया पडतो.

आता आत काय निघालं ते ऐका. स्प्रिंग कापलेली आहे. मागच्या टोकाला वेढा बंद नाही, ग्राइंडरनं कापल्यासारखं सरळ तुटलेलं टोक आहे आणि ते स्प्रिंग गाईडच्या वॉशरवर घासून घासून अर्धगोल चर पडलाय, बोट फिरवलं तर चुरचुरतं. पिस्टनमधे आतून पण ओरखडे आहेत. मोकळी लांबी १४१ मिमी. विकणाऱ्याला आत्ताच फोन केला, तो म्हणतो मी नाही, माझ्या आधीच्यानं केलं असेल. असंल बी. त्याच्याशी भांडून काय मिळणार.

पिस्टनचे दात ठीक वाटतात, शेवटचा एक दात जरा गोल झालाय. पिस्टन हेडची ओ रिंग सुकून चपटी झालीय, नोझलवर अंगठा ठेवून दाबलं तर सायकलच्या पंक्चर ट्यूबसारखा आवाज.

वाळूज_स्प्रिंगवाला (संभाजीनगर)
अगदी वर लिहिलं होतं तेच. कुणीतरी एम१२० आणली, जड वाटली म्हणून वेढे कापले, ताकद उतरली, आणि कापलेलं टोक आत खात बसलं. ती स्प्रिंग परत वापरू नकोस. तो वॉशर पण बदल, चर पडलेल्या वॉशरवर नवी स्प्रिंग पण तिरकी बसेल. बेअरिंगवाला स्प्रिंग गाईड मिळाला तर घे. स्प्रिंग दाबली की ती थोडी स्वतःभोवती पिळते, बेअरिंग असलं की मोकळी फिरते, पिस्टनला पीळ बसत नाही. बेअरिंगच्या जाडीनं सुरुवातीची दाब थोडी वाढते, वेग पण किंचित वाढेल, ते धरून चल.

पैठणगेट (संभाजीनगर)
आधी ओ रिंग बदलून, टेप लावून, त्याच जुन्या स्प्रिंगवर एकदा मोज. म्हणजे हवेचा फरक किती आणि स्प्रिंगचा किती हे तुलाच कळेल. मग एम१०० टाक. जिनिंगमधे एम१०० च्या वर जाऊ नको.

बालाघाट (बीड)
माझं मत थोडं वेगळं, ११.१ व्होल्टची बॅटरी लावणार असशील तर एकदम हलकी स्प्रिंग पण घातकच. मोटर इतकी भरभर फिरते की पिस्टन पुढं पूर्ण जायच्या आतच त्याला मागं ओढणारा सेक्टर गियर परत येऊन त्याला अर्ध्यात पकडतो, दात गेलेच. जोरात फिरणाऱ्या गनला उलट थोडी कडक स्प्रिंग लागते. माझ्या एके मधे एम९० वर हेच झालं होतं, आत नुसता प्लॅस्टिकचा चुरा निघाला.

पैठणगेट (संभाजीनगर)
बरोबर आहे तुझं. पण तो ७.४ वर आहे आणि कंपनीच्या मोटरवर, त्याला एम१०० ला काही होत नाही. ११.१ वर जायचं तर मॉसफेट (मोटरचा करंट स्वतःवर घेणारा इलेक्ट्रॉनिक स्विच) आधी, नाहीतर ट्रिगरचे कॉन्टॅक्ट जळतात.

मांजराकाठ (लातूर)
तीन आठवडे लागले सामान यायला, पण आलं. एम१०० स्प्रिंग, बेअरिंगचा गाईड, ओ रिंगा, हॉपअपचं रबर आणि पोलादी दातांचा पिस्टन.

काकांनी सांगितलं तसं वेढे मोजले, जाडी मोजली, एका दुकानातून व्हर्नियर मागून आणला होता. गुणाकार केला, जागा आरामात उरते. स्प्रिंगचे वेढे एका बाजूला जवळजवळ आणि दुसऱ्या बाजूला विरळ आहेत, दाट बाजू गाईडकडं ठेवली, बरोबर ना? बसवताना घाम फुटला, वरचं झाकण लावताना स्प्रिंग दाबून धरायची, नोझल मागंपुढं करणारी टॅपेट प्लेट सरकू द्यायची नाही, ट्रिगर जागेवर ठेवायचा, आणि लॅच परत कुत्र्यासारखी निसटायची. चौथ्या वेळी बसलं. पहिला स्क्रू लागला तेव्हा एकटाच हसलो.

मोजमाप, सगळं तेच, ५ मीटर, पारलेचा डबा. आधीच लिहिलंय, जुनी स्प्रिंग गळकी हवा, ७८ मीटर प्रति सेकंद. जुनी स्प्रिंग, नवी ओ रिंग आणि टेप, ८३. नवी एम१०० आणि बाकी सगळं, ९२.५, म्हणजे तोंडाशी १०० च्या जवळ. आणि दहा शॉटमधे फरक आता एक मिलिसेकंदाच्या आतच, हे मला जास्त आवडलं.

पैठणगेट (संभाजीनगर)
दाट बाजू गाईडकडं, बरोबर, बहुतेक जण तसंच बसवतात, जड भाग मागं उभा राहतो आणि पिस्टनबरोबर कमी वजन हलतं. पहिल्या काहीशे शॉटनंतर स्प्रिंग थोडी बसते, वेग थोडा कमी येईल, घाबरू नको. ०.२० सोड आता, ०.२५ किंवा ०.२८ घाल, वेग कमी दिसेल पण १ ज्यूल तोच राहील, आणि जड बीबी लांबवर सरळ जाईल.

मांजराकाठ (लातूर)
०.२५ वर काल संध्याकाळी जिनिंगच्या मागच्या मोकळ्या जागेत मारून बघितलं. हॉपअप अर्ध्यावर. अडतीस पावलांवर भिंतीला खडूनं गोल काढला होता, बीबी आधी सरळ गेली, मग किंचित वर चढली आणि गोलाच्या आत टप टप लागायली. मित्र मागून म्हणला, ही तीच गन हाय का.

सगळ्यांचे आभार. दोघांनी नवे गॉगल घेतले, तिसऱ्याला मी घेऊन दिला. लातूर, औसा, निलंग्याकडचं कुणी असेल तर रविवारी सकाळी साडेसहाला या, ऊन व्हायच्या आत संपवतो. गेटवर आधी सगळ्यांच्या गन मोजणार, डबा आणि लॅपटॉप घेऊन बसतोय. जाळीचे मास्क दोन जास्तीचे आहेत.

माळेगावची_जत्रा (लोहा)
येतो. बंदूक नाही आणत, चामड्याचे वॉशर दाखवायला आणतो.